मुकुट उसवला, सिंह बसवले

सांगवीत कुणाची सून रुसून माहेरी गेली हे दूधवाल्याला आधी कळतं, आणि कुठल्या फौजी साहेबाचं पोट सुटलं हे कस्तुराबाईंना. साहेब निवृत्त झाला की पहिल्यांदा ब्लेझर शिवतो. त्या ब्लेझरच्या खिशावर जरीचा बिल्ला हवा, म्हणून कुणीतरी त्याला सांगतं, "नदीच्या पलीकडे सांगवीत एक बाई आहे." मग साहेब दोन जिने चढून धापा टाकत येतो. कस्तुराबाई ब्लेझर हातात घेतात, शिवण चाचपतात आणि म्हणतात, "छाती तीच आहे साहेब. कापड जास्त लागलं ते खाली." तोफेच्या आवाजाला न दचकलेली माणसं या बाईच्या जिभेला बिचकून असतात, असं जिन्याखालचा इस्त्रीवाला सांगतो. तो पदरचंही थोडं घालतो म्हणा.

कस्तुराबाई आज अडुसष्टच्या आहेत. लग्न होऊन आल्या त्या पंचाहत्तर साली, खडकीच्या बाजारातल्या कोंडीरामांच्या घरात. कोंडीराम म्हणजे त्यांचे सासरे. पोरवयात एका लखनवी उस्तादाच्या हाताखाली ते कारचोबावर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीवर, जरीचं भरतकाम शिकले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत छावणीतल्या साहेबांचे बिल्ले भरून त्यांनी दुकान उभं केलं. त्यांना तीन मुलगे. तिघांनाही कंपनी हवी होती. त्या काळी पिंपरीच्या कंपनीत पोरगा चिकटला की मुलीचे बाप दारात चपला काढायला रांग लावायचे. सुईवाल्याला कोण विचारतंय? मग म्हाताऱ्यानं धाकट्या सुनेला हेरलं. दिवेलागणीला सुईत दोरा ओवताना तिनं डोळे बारीक केले नाहीत, एवढीच तिची परीक्षा. दुसऱ्या दिवशी तिला कारचोबावर बसवलं. सासूनं आठवडाभर अबोला धरला, कारण भाकऱ्या थापायचं काम पुन्हा तिच्याकडे आलं होतं.

कोंडीरामांचा एक नेम होता. कुठलाही बिल्ला हातात आला की आधी उलटा करायचा. "पुढून बघतं ते गिऱ्हाईक," ते म्हणायचे, "आपण मागून बघायचं." टाके घालताना ते सुनेला गोष्टी सांगत, आणि त्या गोष्टी बहुतेक पंखांच्याच असत. वैमानिकाच्या छातीवरचे पंख डाव्या बाजूला, पदकांच्याही वर बसतात. ही रीत विलायतेत सुरू झाली ती १९१३च्या सुमाराला. ज्यांनी पहिल्यांदा काढले त्यांनी म्हणे पाकोळी पक्ष्याचे पंख नमुन्याला घेतले, कारण पाकोळी सहसा जमिनीवर टेकत नाही. मागं बसून टेहळणी करणाऱ्याला एकच पंख मिळे, आणि त्यावरून त्याची जी चेष्टा व्हायची ती सासऱ्यानं सुनेला सांगण्यासारखी नसल्यामुळं म्हातारा तिथं खाकरून पुढं जाई. फ्रेंचांच्या बिल्ल्याच्या मागं नंबर कोरलेला असतो, हे त्यांना फार आवडे. अमेरिकन आले ते चांदीचे पंख लावून, पण इथल्या बाजारातलं जरीकाम बघितलं आणि त्यांनाही मोह पडला. पाठोपाठ भरून घ्यायला लागले. "जगात कुठंही जा," म्हातारा म्हणे, "उडायला मिळालं की माणसाला ते छातीवर लिहून हवं असतं."

म्हातारा गेला. पुढं नवराही गेला, आणि खडकीचं दुकान सोडून कारचोब सांगवीच्या घरात आला. मुलगा सनी चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला फिटर लागला. भोसरीत कॉम्प्युटरवर भरतकाम करणारी यंत्रं आली आणि एका दमात वीस बिल्ले काढायला लागली. तरी ऑफिसर मेसच्या समारंभी पोशाखावर हातचीच जर हवी असा हट्ट धरणारे साहेब अजून आहेत, आणि कस्तुराबाईही आहेत.

तर गेल्या हिवाळ्यात, एका सकाळी, त्यांच्या दाराशी रहाटणीचे यशवंतराव आले. रहाटणीच्या जुन्या घराण्यातले. शेतं गेली, त्यावर इमारती आल्या, आणि यशवंतरावांच्या अंगावर पांढराशुभ्र झब्बा. वय त्र्याहत्तर. बरोबर पुतण्या गणराज, ज्याच्या मोबाइलला क्षणाची उसंत नसते. यशवंतरावांनी आपल्याच जागेत गावातल्या पोरांसाठी अभ्यासिका बांधली होती आणि तिला वडलांचं नाव द्यायचं ठरवलं होतं: वैमानिक सयाजीराव अभ्यासिका. उद्घाटनाला पंधरा दिवस होते. फ्लेक्स छापायला गेला होता.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून बिल्ला. गडद निळ्या कापडावर जरीचे दोन पंख. जर काळवंडलेली, एका बाजूला कसरीनं खाल्लेलं.

"ह्यो माझ्या वडलांचा," यशवंतराव म्हणाले. "चव्वेचाळीस सालचा. लढाईत विमान चालवायचे. ह्याला जरा उजळ करून द्या, काचेत लावायचा हाय."

कस्तुराबाईंनी चष्मा लावला आणि बिल्ला जवळ धरला. पुढून.

"चव्वेचाळीस सालचा? नक्की?"

"आय सांगायची की. सगळा गाव सयाजी पायलट म्हनायचा."

"गाव काहीही म्हणेल. यशवंतराव, हे मधले अशोकस्तंभाचे सिंह बघितले? चव्वेचाळीस साली इथं विलायतेच्या राजाचा मुकुट असायचा. पन्नास साली प्रजासत्ताक आलं, तेव्हा मुकुट गेला आणि हे आले. लढाई संपून पाच वर्षं झाल्यावर तुमचे वडील कुणाशी लढत होते?"

गणराजला हसू आवरलं नाही. यशवंतरावांनी त्याच्याकडे बघितलं, तरी ते पुरतं गेलं नाही.

"म्हंजी खोटा म्हनताय?"

"खोटा कशाला? बाजारातला. पैसे टाकले की कुणालाही मिळायचा."

कस्तुराबाईंनी हे सहज म्हटलं, नेहमीच्या चेष्टेच्या सुरात. पण समोरचा माणूस निवृत्त साहेब नव्हता. यशवंतरावांनी रिकामा रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मग सिंह काढा. मुकुट घाला तिथं. आमी खरं बोलतोय, तर बिल्लाबी तसाच दिसू द्या." आणि जिना उतरून गेले.

गणराजनं घरी जाऊन बायकोला, योगिनीला, सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, कुणाला बोलू नको. रहाटणीत एखादी गोष्ट लवकर पोहोचवायची असली तर हीच पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सयाजीरावांनी बिल्ला विकत घेतला होता. तिसऱ्या दिवशी तो चोरलेला होता. चौथ्या दिवसापर्यंत सयाजीरावांनी मुळात विमान कधी चालवलंच नव्हतं, आणि ही शेवटची बातमी, गंमत बघा, सगळ्यांत खरी निघायची होती.

पाचव्या दिवशी सकाळी कस्तुराबाईंनी बिल्ला कारचोबावर घेतला. खिडकीतून ऊन येत होतं. बारीक कात्रीनं त्यांनी सिंहांची जर टाका-टाका करून उचलली. सिंह निघाले. खाली निळ्या कापडावर सिंहांच्या टाक्यांचीच भोकं असायला हवी होती, तर मधेमधे आणखी भोकं. जुनी, बुजत आलेली भोकं. कस्तुराबाईंनी बोट फिरवलं. खाली पट्टी, वर दोन कमानी, कमानींवर एक छोटा क्रूस. तो मुकुट होता. सिंह बसवण्याआधी तिथं मुकुट भरलेला होता, आणि कुणीतरी तो निगुतीनं उसवला होता.

हात थांबला. मग त्यांनी ते केलं जे पहिल्या दिवशी करायचं राहून गेलं होतं. बिल्ला उलटा केला.

मागं दोऱ्याची शेवटची गाठ दुहेरी, डावीकडं वळवून कापडाखाली दडवलेली. ही गाठ उस्तादाकडून कोंडीरामांकडं आली होती आणि कोंडीरामांकडून त्यांच्याकडं. म्हणजे हा हात घरचाच. पन्नास वर्षं पंख भरणारी बाई, आणि सासऱ्याचं काम तिनं पुढून बघून "बाजारातला" म्हणून टाकलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. वर्दीवर लावलेल्या बिल्ल्याला कडेनं टाचल्याच्या खुणा असतात; धुताना काढायचा, पुन्हा टाचायचा. शिवाय मागं घामाचे पांढुरके वण असतात. याच्या कडा अस्पर्श होत्या. घामाचा मागमूस नव्हता. फक्त एका कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळपट डाग होता, आणि तो तेलाचा होता.

आता त्यांना सासऱ्यांची एक गोष्ट आठवली. रहाटणीचा एक फिटर होता, ते सांगायचे. लोहगावच्या विमानतळावर इंजिनं बघायचा. लढाईच्या वेळी सायकलवरून दुकानात आला आणि वैमानिकाचे पंख भरून मागितले. नखं काळी, म्हणून कापडाला हात न लावता लांबून दाखवायचा. दुकानात बसून चहा घ्यायचा, कोंडीरामांच्या कपात, जात न बघता. त्या काळी त्याच्या गावाला ते कळलं असतं तर त्याला जाब द्यावा लागला असता. कोंडीरामांनी विचारलं, घालणार कुठं? त्यानं उत्तर दिलं नाही. मग पन्नास सालचा जानेवारी. मुकुट जाणार, सिंह येणार. नवे बिल्ले मिळेपर्यंत कशाला थांबायचं म्हणून साहेबांची दुकानात गर्दी. महिनाभर कोंडीराम मुकुट उसवत होते. त्या गर्दीत हा फिटरही रुमालात पुडी बांधून उभा. कोंडीराम हसले. "हुकूम छातीवर लावणाऱ्यांना आहे, दादा. तुमचा तर ट्रंकेत असतो." फिटर म्हणाला, "ट्रंकेत असला म्हनून काय झालं?"

म्हाताऱ्यानं त्या माणसाचं नाव कधी सांगितलं नव्हतं. गरजही पडली नव्हती.

संध्याकाळी सनी फर्स्ट शिफ्ट करून आला. आईनं सगळं सांगितलं. सनी पायमोजे काढता काढता म्हणाला, "आई, मुकुट भरून दे आणि विषय संपव. त्यांचं उद्घाटन होईल, तुझं काम होईल."

"आणि मी बाजारातला म्हणाले ते?"

"सॉरी म्हण. चांगला खराखुरा बिल्ला आहे म्हण."

"खरा म्हटलं की ते पायलटही खरं धरणार."

"मग गप्प बस."

"मी बोललेलं रहाटणीभर फिरतंय, सनी. आता गप्प बसून काय मिळवू?"

सनीनं थोडा विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आईला सल्ला न देता जेवायला बसला. अडचण त्यालाही कळली होती. आईला आपलं बोलणं मागं घ्यायचं होतं, आणि ते मागं घ्यायचं तर यशवंतरावांच्या हातातलं दुसरं काहीतरी हिसकावून घ्यावं लागणार होतं. वडलांच्या नावापुढचा एक शब्द.

कस्तुराबाईंनी यशवंतरावांना फोन केला. "एकटे या," म्हणाल्या. "पुतण्याला आणू नका."

ते आले. पाणी प्याले. कस्तुराबाईंनी बिल्ला त्यांच्यापुढं पालथा ठेवला आणि आधी आपली चूक सांगितली. बिल्ला चव्वेचाळीसचाच आहे. माझ्या सासऱ्यांनी भरलेला आहे. मी न बघता बोलले. यशवंतरावांचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला बघून बाईंना पुढचं बोलणं जड गेलं. तरी त्या बोलल्या. कडा, घाम, तेलाचा डाग, सायकल, पन्नासचा जानेवारी. काहीही मागं ठेवलं नाही.

यशवंतरावांनी पालथा बिल्ला बोटानं आपल्यापासून दूर सारला.

"फिटर," ते म्हणाले. "माझ्या बापाला फिटर करायला बलिवलं व्हय मला?"

"माझा मुलगाही फिटर आहे," कस्तुराबाई म्हणाल्या.

यशवंतरावांनी मान खाली घातली. "तसं न्हाई म्हनायचं मला."

"ठाऊक आहे."

"मग आय खोटं बोलली?"

"गावानं नाव पाडलं असेल. त्या काळी विमानाला ज्याचा हात लागला तो गावाला पायलटच. तुमच्या आईनं नवऱ्याला लोक काय म्हणतात तेच सांगितलं. मला एक सांगा, ते स्वतः कधी म्हणाले, मी पायलट होतो म्हणून?"

 खाली इस्त्रीवाल्याचा रेडिओ चालू होता.

"ते बोलायचेच न्हाईत," ते म्हणाले. "कामावरनं यायचे, हातपाय धुवायचे, भाकर खायाचे. ट्रंक कुनाला उघडू द्यायचे न्हाईत. आमी भ्यायचो त्यांना." मग थोडं थांबून, "पर मग केला कशाला ह्यो बिल्ला?"

"माहीत नाही. माझ्या सासऱ्यांनी एकदा विचारलं, त्यांनी सांगितलं नाही, मग पुन्हा विचारलं नाही. पण यशवंतराव, तीसपस्तीस वर्षं हा त्यांच्या घरात होता. चार टाके मारले असते तर कुठल्याही लग्नात मिरवता आला असता. रहाटणीत त्यांना कोण अडवणार होतं? मुकुट उतरवायचा हुकूम त्यांना लागू नव्हता, तरी त्यांनी पाळला. पण छातीवर नाही लावला. एकदाही नाही. आता तुम्ही तो माझ्याकडून त्यांच्या छातीवर लावून घेताय."

यशवंतराव उठले. बिल्ला त्यांनी उचलला नाही. दारात चपला घालताना म्हणाले, "बाई, तुमची सुई बरी," आणि पुढं काही न बोलता निघून गेले. ही स्तुती होती की शिवी, यावर सनी आणि कस्तुराबाईंचा दोन दिवस वाद चालला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "मुकुट नको. जसं व्हतं तसं करा."

कस्तुराबाईंनी सिंह परत बसवले, सासऱ्यांच्याच भोकांतून, जुनीच जर वापरून. जिथं जर तुटली होती तिथं तुटलेली ठेवली. उजळ काही केलं नाही. चौकटीत लावताना बिल्ला मखमलीला टाचायचा असतो. त्यांनी टाचला नाही. काचेच्या दाबानं बसेल असा बसवून दिला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण इस्त्रीवाल्याला कळलंच.

उद्घाटनाला कस्तुराबाई गेल्या. सनीला सुट्टी होती, त्यानं गाडीवरून नेलं. मांडवात माणूस मावत नव्हता. निम्मे लोक अभ्यासिकेसाठी आले होते आणि निम्मे पुढं काय होतं ते बघायला. योगिनी पहिल्या रांगेत होती, यावरून काय ते समजा. पडदा सरकला. पाटीवर 'सयाजीराव अभ्यासिका' एवढंच होतं. नावाआधीच्या जागेत निळा रंग ताजा, बाकीपेक्षा थोडा गडद. गणराज आपल्या बुटांकडे बघत होता.

यशवंतरावांनी माईक घेतला. भाषणाचा कागद होता, तो त्यांनी उघडला नाही.

"माझे वडील पायलट न्हवते," ते म्हणाले. "पायलट हे गावानं ठिवलेलं नाव. ते लोहगावला फिटर होते. इंजिनं दुरुस्त करायचे. ह्यो पंखांचा बिल्ला त्यांनी भरून घेतला व्हता, पर कधी लावला न्हाई. कारन तो त्यांचा न्हवता." एवढं बोलून त्यांनी न उघडलेला कागद खिशात घातला.

 मागं माजी नगरसेवक शेजाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. कस्तुराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आपण एका माणसाला गावासमोर उघडा पाडला की काय, असं त्यांना वाटलं, आणि आता ते मागं घ्यायला उशीर झाला होता.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक म्हातारा उठला. अर्जुनराव. पिंपरीच्या एका कंपनीत छत्तीस वर्षं फिटर होते, आता निवृत्त. कानाला यंत्र, खिशाला पेन. त्यांना भाषणबिषण करायचं नव्हतं. त्यांना फक्त कुतूहल होतं, जसं एका फिटरला दुसऱ्याबद्दल असतं.

"यशवंतराव," त्यांनी विचारलं, "कुठल्या इंजिनावर होते हो?"

आणि मग गंमत झाली. आजूबाजूच्या आणखी चारपाच फिटरांची डोकी वर आली. कुणी भोसरीचा, कुणी चाकणचा, कुणी तळवड्याच्या वर्कशॉपमधला. सगळ्यांच्या नजरा उत्तराकडे लागल्या. चेष्टेसाठी आलेली माणसं आता खरोखर ऐकायला बसली. सनीसुद्धा पुढं वाकला.

यशवंतरावांनी तोंड उघडलं. काचेतल्या पंखांकडे बघितलं. मग कस्तुराबाईंकडे बघितलं, जणू त्यांना ठाऊक असेल. कस्तुराबाईंनी मान हलवली. तेलाच्या डागावरून तेवढं त्यांनाही वाचता आलं नव्हतं.

"इचारलंच न्हाई कधी," यशवंतराव म्हणाले. माईक चालूच होता, त्यामुळं ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.